काठावरून बोलत राहिलेले अण्णा

तुकारामअण्णा शेलार यांची आणि माझी पहिली भेट उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये झाली. निर्वासितांची छावणी नुकती वसत होती, पाण्याची ओरड होती आणि विहिरींच्या कामावर मी नवाकोरा ओव्हरसियर होतो. अण्णा खोदकामाचे मुकादम. त्यांनी नमस्कार केला आणि विचारले, खाली उतरणार हे घरी सांगून आलात ना? माणूस भलताच अभद्र बोलतो, असे मला वाटले.

पुढे कळले की अण्णा तरुणपणी लांबच्या मुलखात कोळशाच्या खाणीत होते. त्या खाणीत पाणी शिरले, छत कोसळले आणि फार थोडी माणसे जिवंत वर आली. त्यांतले एक अण्णा. इतरांनी पुन्हा जमिनीखाली पाऊल टाकले नाही. अण्णा मात्र अंबरनाथला येऊन विहिरी खणू लागले. दुसरे काय येते मला, असे ते म्हणत. काळजी त्यांच्या हाडीमासी मुरली होती. शेवटचा गडी वर येईपर्यंत त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. गडी चेष्टा करीत, अण्णाही हसत आणि दोर पुन्हा तपासत.

एके दिवशी मी बांधकाम पाहायला विहिरीत उतरलो आणि वरची कड ढासळली. बांधकामाचे मचाण माझ्यावर आडवे पडले, अंधार झाला आणि मी छातीपर्यंत मातीत रुतलो. कोणी घाईने उतरले असते तर उरलेली कडही खाली आली असती. आधी तिला आधार हवा होता. छावणीतल्या सिंधी कुटुंबांनी निजायच्या लाकडी खाटा मोडून फळ्या दिल्या. गडी त्या ठोकत होते आणि अण्णा काठावर पालथे पडून माझ्याशी बोलत होते.

देव तारील वगैरे ते काही म्हणाले नाहीत. तुमच्या आई अंबाडीची भाजी कशी करतात, असे विचारले आणि मी सांगितल्यावर ती साफ चुकीची ठरवली. तशा अवस्थेतही मला राग आला. मी वाद घातला. जरा वेळाने मात्र बोलणे नकोसे झाले, डोळे मिटू लागले. एरवी मला 'साहेब' म्हणणारे अण्णा तेव्हा ओरडले, "बोल रे माझ्या लेका. गप्प राह्यचं नाय."

वर कोणी दुकानदार त्यांना विनवत होता, "साईं, दो घूँट पानी तो पी लो." पण अण्णांचे बोलणे क्षणभरही थांबले नाही. मला बाहेर काढले तेव्हा अण्णांचा आवाज पार बसला होता.

आवाज परतल्यावर त्यांनी मला खाणीतल्या जोडीदाराविषयी, यशवंताविषयी सांगितले. खाणीत ढासळलेल्या दगडांपलीकडे तो अडकला होता. दोघे एकमेकांशी बोलत जागे राहिले होते. मग अण्णांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा पलीकडून उत्तर आले नाही.

माझ्या आईला भेटले की अण्णा अजून त्या भाजीबद्दल माफी मागतात, आणि आई त्यांना तीच भाजी वाढते.

आज अण्णा साठ वर्षांचे झाले, म्हणून आपण त्यांच्या सत्काराला जमलो आहोत. तरी प्रत्येक नव्या विहिरीत आधी स्वतः उतरतात, मग गड्यांना उतरू देतात. पाय थरथरतात, दम लागतो. आम्हा सर्वांच्या जिवाला घोर आहे. अण्णांच्या पत्नी, आमच्या वहिनी, मला म्हणाल्या, "भाऊ, तुमचं ऐकतील. हार घाला नि ह्यांचं उतरणं थांबवा." मी अण्णांना विनंती केली, की आता काठावर बसून काम पाहा.

"खाली जायची भीती नाय मला, साहेब," ते म्हणाले. "वर बसून हाका मारायचं परत जमायचं नाय."

अण्णांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, एवढेच आपणा सर्वांच्या वतीने मागतो. सत्कारानंतर लगेच वांगणीच्या विहिरीचे काम सुरू होणार आहे. तिथली माती भुसभुशीत आहे आणि अण्णा उतरणारच आहेत. ते वर येईपर्यंत मी काठावर बसून त्यांच्याशी बोलणार आहे.