एकात एक दोन खुर्च्या

माझी थोरली बहीण साधना मनवर नेरच्या बसस्टँडसमोर तर्री-पोहे आणि आलुबोंड्याची गाडी चालवते. तिच्या झणझणीत तर्रीसाठी लोक हातची बस सोडतात. ती देवमाणूस आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं तर मात्र विश्वास ठेवू नका. आमच्या माहेरात देवमाणूस कोणीच निपजला नाही. आम्ही कोणाचं खाल्लेलं मीठ विसरत नाही आणि खाल्लेला अपमान तर मुळीच नाही.

अपमान झाला तो राजदीपच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात. राजदीप म्हणजे साधनाची मोठी जाऊ पंचफुलाबाई, तिचा मुलगा. साधना तेव्हा चांगलीच जाड होती, ते मी कशाला लपवू? ती खुर्ची ओढून बसणार तेवढ्यात पंचफुलाबाईंनी मांडववाल्याला लांबूनच हाक मारली, "अरे, तिले दोन खुर्च्या दे, एकात एक टाकून. मागच्या लग्नात एक मोडली न तिनं."

प्लास्टिकच्या दोन खुर्च्या एकात एक घातल्या की जड माणूस पेलतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण ते गुपचूप करायचं असतं. इथे पंचफुलाबाईंनी दवंडीच पिटली. व्याही हसले. होणारी सून निकिता तोंडाला रुमाल लावून हसली. साधना त्या दोन खुर्च्यांवर बसली, जेवली, नवरीच्या हातात पाकीट ठेवून घरी आली. दारात चप्पल काढताना मला म्हणाली, "पोराच्या लग्नात मी एका खुर्चीवर बसन. तिच्या डोयासमोर."

लग्न उन्हाळ्यात होतं. मोबाइलवर बघून साधनाने कीटो सुरू केलं. भात, पोळी, साखर, बटाटा बंद. अंडी, पनीर, कोंबडी, पालेभाजी, तेल-तूप चालू. स्वतःच्या हाताने दिवसभर आलुबोंडे तळायचे आणि एकही तोंडात टाकायचा नाही, हे मी तरी केलं नसतं. पहिल्या आठवड्यात तिचं डोकं दुखायचं, पायात गोळे यायचे. गिऱ्हाइकाने तर्री जास्त मागितली तरी ती खेकसायची.

औषधाच्या दुकानातून तिने लघवी तपासायच्या पट्ट्या आणल्या होत्या. शरीराला साखर मिळेनाशी झाली की ते चरबी जाळतं, त्यातून कीटोन तयार होतात, आणि ते लघवीत उतरले की पट्टी गुलाबी होते, जास्त असले तर जांभळी. डबीवर रंगांची ओळ छापलेली असते. आधी पट्टी कोरीच राहायची. मग गुलाबी झाली. आणि एका रणरणत्या दुपारी गर्द जांभळी निघाली. साधनाने तिचा फोटो काढून 'मनवर परिवार' या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'लग्नाची तयारी'. कोणाला उद्देशून, हे सांगायची गरज नव्हती.

पुढे वजन उतरत राहिलं आणि पट्टी मात्र फिकी पडत गेली. साधना चवताळली. कोणीतरी नजर लावली म्हणाली, आणि ते कोणीतरी कोण हेही तिनेच ठरवून टाकलं. शेवटी मीच तिला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी विचारलं, "गाडीवर असताना पाणी किती पिता?"

"पाणी कुठं? एकटी असतो, पाणी पेलं का गाडी सोडून जा लागते."

बाई हसल्या. म्हणाल्या, पाणी कमी तर लघवी घट्ट, आणि लघवी घट्ट तर रंग गडद. त्या दिवशी जांभळा रंग आला त्यात उन्हाचा हात जास्त होता. शिवाय सुरुवातीला शरीर कीटोन वाया घालवतं, पुढे वापरायला शिकतं, मग लघवीत कमी उतरतात. पट्टी फिकी झाली म्हणजे हरलात असं नाही. नेमकं कळायला बोटातलं रक्त तपासायचं यंत्र असतं. त्यात अर्ध्यापासून तीनपर्यंत आकडा आला की पुरे. सकाळ-संध्याकाळ तो बदलतो, त्याच्या मागे लागायचं नाही आणि जास्त म्हणजे चांगलं असंही नाही. मग त्यांनी दोनदा विचारलं, "शुगर नाही ना? शुगरची गोळी, इन्सुलिन? काही गोळ्यांवर हा आहार घेतला तर रक्तात आम्ल साचतं. उलट्या होतात, धाप लागते. शुगर फार वाढलेली दिसत नाही म्हणून घरचे गाफील राहतात आणि माणूस हातचा जातो."

साधनाला शुगर नव्हती. तिने यंत्र घेतलं, गाडीवर पाण्याचा मोठा कॅन ठेवला, आणि मला सकाळी अर्धा तास गाडीवर उभं राहायची शिक्षा झाली.

तिकडे पंचफुलाबाईंच्या पोटात दुखायला लागलं होतं. धाकटी जाऊ दिवसेंदिवस बारीक होते आणि गाव तिचं कौतुक करतं, हे त्यांना कसं बघवणार? विचारायला तर नाक आडवं येतं. त्यांनी स्वतःच भात-पोळी सोडली, पट्ट्या आणल्या. लग्नाला थोडे दिवस राहिले असताना ग्रुपवर फोटो पडला. जवळजवळ काळी वाटावी अशी पट्टी, आणि खाली, 'आमची पाहा. काही जणायची फिक्की पडली म्हणे.'

मी भडकले. साधना मात्र फोटो मोठा करून बघत राहिली. "मोठ्या बाईले शुगरची गोळी हाये न?" एवढंच म्हणाली.

तेवढ्यात राजदीपच गाडीवर आला, समोरच्या दुकानातून लिंबूपाणी घेऊन जाताना. "आई कालपासून उलट्या करून राह्यली काकू. शुगर पाह्यली, एकशेसत्तर हाये. ऊन लागलं असन."

तो वळल्यावर मी साधनाला म्हटलं, "राहू दे. तू काय तिची डॉक्टर हायेस? करावं तसं भरावं." आजही मला त्यात काही चूक वाटत नाही.

साधना झारा हातात धरून उभी राहिली. कढईतले बोंडे काळे पडले. तिच्या हातून बोंडे करपलेले मी पहिल्यांदा पाहिले. मग तिने गॅस बंद केला, पिशवीतून यंत्र घेतलं आणि राजदीपच्या मागे निघाली. मीही गेले, मला बघायचं होतं.

पंचफुलाबाई पलंगावर पडल्या होत्या. छाती भात्यासारखी चालली होती आणि तोंडाला सडक्या फळासारखा वास येत होता. साधनाने त्यांचं बोट टोचलं. आकडा सहाच्या वर गेला.

"शुगर नको पाहू राजदीप, हे पाह्य. गाडी काढ, यवतमाळले नेऊ."

पंचफुलाबाईंनी डोळे किलकिले केले. "तुहं किती येते?"

"एक."

"म्हणजे माहं जास्त."

"हो बाई," साधना त्यांच्या पाठीखाली हात घालत म्हणाली, "तुमीच जिंकल्या. चला आता."

यवतमाळच्या दवाखान्यात त्यांना सलाईन लावलं, इन्सुलिन दिलं, ती गोळी बंद केली. रात्र निघाली असती तर बाई राहिल्या नसत्या, असं डॉक्टरांनी राजदीपला सांगितलं. शुद्धीवर आल्यावर पंचफुलाबाईंनी साधनाला विचारलं, "काहून वाचवलं मले?"

साधना त्यांचं पांघरूण सरळ करत होती. "तुमी मेल्या असत्या तर मी लग्नात कोणासमोर बसली असती?"

लग्न ठरल्या तारखेलाच झालं. साधना अंजिरी साडी नेसून आली. मांडववाला तोच होता. नजरेला सवय झालेली, त्याने न विचारता एकात एक घातलेल्या दोन खुर्च्या आणून ठेवल्या. व्याह्यांकडच्या बायका बघायला लागल्या. निकिताही स्टेजवरून बघत होती. पंचफुलाबाई स्टेजच्या पायरीला धरून उभ्या होत्या, गालफडं बसलेली.

साधनाने वरची खुर्ची उपसून काढली आणि त्यांच्यासमोर नेऊन ठेवली.

"बसा बाई," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं, अगदी मायेने म्हणाली. "तुमाले आता उभं राहणं झेपत नाई."

पंचफुलाबाई खाली मान घालून बसल्या. उरलेल्या एका खुर्चीवर साधना त्यांच्या पुढ्यात बसली आणि पंगत उठेपर्यंत तिथून हलली नाही.