इंद्रभानजींचं नमुना घर

इंद्रभानजी भोपळे यांना दोन आवाज होते. घरी बोलायचा आवाज त्यांच्या गावचा, वडनेर भोलजीचा. कचेरीचा आवाज कुठला, ते कोणालाच सांगता आलं नसतं. तो काढायचा तर हनुवटी छातीला टेकवावी, डोळे अर्धे मिटावे आणि दर वाक्याला 'सदर' लावावं. "सदर गृहांमध्ये सदर नळाची सोय केलेली असून..." असं ते सुरू झाले की जळगाव जामोदच्या बाजारातली गिऱ्हाइकं हातातली वांगी टोपलीत टाकून पुढे सटकत. घरीही कधी चुकून तोच आवाज निघे. मग त्यांच्या मंडळी, पुष्पाबाई, भाकर थापता थापता म्हणत, "सदर भाजीत मीठ टाकाचं राह्यलं. सदर नवऱ्यानं मुकाट्यानं खावं."

आम्ही समोरच राहायचो, म्हणून दोन्ही आवाज घरबसल्या ऐकायला मिळत.

इंद्रभानजींचा जन्मच प्रचारात गेला. नवे पैसे आले तेव्हा सरकारनं त्यांना गावोगाव फिरवलं. लोकांना नवा पैसा कळला, तशी त्यांची जागा रद्द झाली. मग शेर सोडा, किलो धरा, असं बाजारात ओरडायचं काम मिळालं. बाया किलोत मिरच्या मागू लागल्या, जागा रद्द. मग हिवतापाच्या फवारणीचा प्रचार केला. हिवताप उतरला आणि त्याच्याबरोबर इंद्रभानजीही उतरले.

"तुमी कामच लय चांगलं करता, थेच चुकते," पुष्पाबाई म्हणत. "मच्छर मारनाऱ्यानं दोन-चार मच्छर तं जित्ते ठेवा लागते नं!"

महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली आणि घरं बांधणाऱ्या एका सरकारी मंडळानं जळगाव जामोदच्या बाहेर, सातपुड्याच्या अंगाला, चोवीस पक्की घरं उभी केली. दोन खोल्या, न्हाणी, नळ, मागे संडास. घरं झाली, पण घ्यायला कोणी पुढे येईना. तेव्हा मंडळानं इंद्रभानजींना प्रसिद्धीसाठी हंगामी नेमलं.

त्यांचे वरिष्ठ निमकर साहेब. कचेरी अकोल्याला, पण माणूस मूळचा पुण्याचा. हा आवाज सोपा आहे. नाक दोन बोटांत धरावं आणि वाक्य संपेपर्यंत सोडू नये.

"हे पाहा भोपळे, एकतीस मार्चला संध्याकाळी साडेपाचपर्यंत चोवीसच्या चोवीस अर्ज हवेत. आले, तर पुढची साठ घरं बांधू आणि तुमची जागा कायम करू."

"आणि तेवीस आले तर, साहेब?"

"तर ज्या प्रसिद्धीनं चोवीस घरं भरत नाहीत, ती प्रसिद्धी ठेवायची कशाला? हो की नाही?"

'कायम' हा शब्द इंद्रभानजींनी घरी आणला तेव्हा पुष्पाबाईंनी तो तीनदा म्हणून पाहिला. लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि या गावातली त्यांची भाड्याची खोली पाचवी होती.

इंद्रभानजी आधी रहेमतुल्लाकडे गेले. रहेमतुल्लाचा भोंगा आणि टांगा. तंबूतल्या सिनेमाची जाहिरात गावभर तोच करायचा. इंद्रभानजींनी त्याला दोन पानं मजकूर दिला. रहेमतुल्लानं तो उलटसुलट पाहिला आणि खिशात घातला.

"ये पढा तो घोडा भी सो जाएगा, भाईसाब. आप बेफिकीर रहो."

दुसऱ्या दिवशी टांगा गावातून निघाला. "आज! आज! आज! मेहेरबान, कदरदान! शाम को ठीक छे बजे! चोवीस घरं! चोवीस घरं! फकत थोडेच दिवस! औरतों का इंतजाम अलग!"

संध्याकाळी सहाला चारशे माणूस बसायची पोती घेऊन घरांसमोर हजर. पुढच्या जागेवरून दोन भांडणं झाली. इंद्रभानजी समोर उभे राहिले, हनुवटी छातीला टेकली आणि म्हणाले, "सदर गृहे..."

"बैठो, बैठो! परदा नई दिखता!" मागून ओरडा झाला.

अर्धा तास वाट पाहून लोक पोती झटकून उठले. "घरं तं इथंच हायेत बे," एकजण दुसऱ्याला सांगत होता, "पिच्चर कुठी हाय?"

अर्ज आले शून्य.

तेव्हा इंद्रभानजींनी दुसरा विचार केला. लोक नुसतं बाहेरून पाहतात. आत आले, जेवले, बसले, तर घर मनात भरेल. एक नंबरचं घर नमुना घर करायचं, तिथं वास्तुशांत घालायची आणि गावाला रोडगे-वांग्याचं जेवण द्यायचं. साहेबांची मंजुरी आली. फक्त पूजेला जोडपं लागतं. घराला मालक नाही, मग जोडपं आणायचं कुठून? शेवटी इंद्रभानजी आणि पुष्पाबाईच पाटावर बसले. उपरण्याला पदराची गाठ मारली. पुष्पाबाईंनी नव्या चुलीवर दूध उतू घातलं.

गाव पोटभर जेवलं. आणि वास्तुशांतीला आलेला माणूस रिकाम्या हातानं जात नाही, म्हणून प्रत्येकानं आहेर केला. सात लुगडी, चार पितळी तांबे, नारळांचा ढीग. "लय झाक घर बांधलं भाऊ! नांदा आता सुखानं!" म्हणत लोक हात धुऊन गेले.

"अहो, सदर घर मंडळाचं आहे," असं इंद्रभानजी दारात उभं राहून प्रत्येकाला सांगत होते. पण पितळी तांबा हातात धरून सांगितलेलं कोण ऐकतो?

आठ दिवस गेले. नमुना घराला कुलूप, इंद्रभानजी आपल्या भाड्याच्या खोलीत. आता गावात वेगळीच कुजबुज सुरू झाली. सुभद्राबाईंनी ती तोंडावर येऊन सांगितली. सुभद्राबाईंचा मुलगा बैलांचा व्यापार करी, पण बैल पसंत करायच्या त्या. बैलाकडे एकदा पाहून कोणता पाय अधू, कोणता दात खोटा, ते सांगत. त्यांचा आवाज काढायचा तर कमरेवर हात ठेवल्याशिवाय निघत नाही.

"काऊन वो इंद्रभान, पूजा तू केली. दूध तुह्या बायकोनं उतू घातलं. आहेर तू घेतला. आन् राह्यले काऊन नाई गेला?"

"मावशी, नियम आहे. मंडळाच्या नोकराला सदर घरात राहता येत नाही."

"नियम! वास्तुशांत झालेलं घर रिकामं ठेवाचा नियम कुठी असते? ज्यानं पूजा केली थोच जाऊन नाई राह्यला म्हंजे घरात काईतरी हाय. एका घरात हाय म्हंजे चोवीसात हाय. एकाच गिलाव्याचे हायेत ना सारे?"

म्हणजे आधी लोक घर घेत नव्हते, आता त्या रस्त्यानं जातही नव्हते. एकतीस मार्चला अकरा दिवस उरले होते. इंद्रभानजी खोलीत येऊन खाली बसले. घरचा आवाज नाही, कचेरीचा नाही, कोणताच निघेना.

पुष्पाबाईंनी उठून पेटी भरायला घेतली.

"कुठी निघाली?"

"आपल्या घरी."

"अवो, नोकरी जाईन नं!"

"अर्ज नाई आले तं राह्यते का?"

रहेमतुल्लाच्या टांग्यात पेटी, पाटा-वरवंटा आणि आहेराचे चार तांबे चढले, आणि भर दुपारी, साऱ्या गावासमोर, पुष्पाबाई नमुना घरात राहायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सुभद्राबाई चार बाया घेऊन पाहायला आल्या. इंद्रभानजी लगबगीनं पुढे झाले. "या मावशी! सदर स्वयंपाकघर पाहा, किती हवेशीर..."

"कायचं हवेशीर!" आतून पुष्पाबाई खोकत बाहेर आल्या. "खिडकी बांधली उगवतीले आन् वारा येते मावळतीकून. सारा धूर डोळ्यात. पाह्य वो मावशी, डोये लाल झाले का नाई माहे?"

इंद्रभानजींनी खुणा केल्या. पुष्पाबाईंनी त्या पाहिल्या नाहीत.

"नळाले पाणी फकत सकाळचं. संडासाचं दार लागत नाई, आतून दोरी धरून बसा लागते. मागच्या भिंतीले खिळा ठोकला तं खिळाच वाकडा झाला, एवढी पक्की. सारवाचं काम नाई, फरशी पुसली का झालं. पण उनाळ्यात तापन, हे आतापासून सांगून ठेवतो."

इंद्रभानजींनी कपाळ धरलं. दहा महिने त्यांनी या घरांना नावं ठेवणारा एक शब्द तोंडातून काढला नव्हता.

सुभद्राबाईंनी मात्र सारं घर फिरून पाहिलं. संडासाची दोरी ओढून पाहिली. चुलीपुढे बसून धूर डोळ्यात घेतला. बाहेर येऊन पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "माह्या पोराले बोलवा. दोन नंबर आमचं."

"पण... मावशी, एवढ्या खोडी आहेत ना?" इंद्रभानजींच्या तोंडून निघून गेलं.

"हाव, हायेत. आता मालूम तं झाल्या. ज्या बैलाची खोट मालक सांगत नाई थो बैल घेते का कोनी? तू दहा महिन्यापासून म्हनून राह्यला, 'सदर चांगलं, सदर चांगलं.' मले वाटे, एवढं चांगलं हाय तं सरकार इकून काऊन राह्यलं?"

संध्याकाळपर्यंत बातमी गावभर झाली. रहेमतुल्लानं कोणी न सांगता टांगा काढला. या वेळी त्यानं खोडीच पुकारल्या. "मेहेरबान! धुवाँ है! दार लगता नई! दोरी पकडके बैठना पडता! मगर दीवार में कीला नई घुसता, कीला!" लोक आले. स्वतःचे खिळे घेऊन आले. ज्याचा खिळा वाकडा झाला त्यानं अर्ज भरला. ज्याचा शिरला त्यानं आणखी मोठा खिळा आणला. इंद्रभानजी ओट्यावर बसून सगळ्यांचे अर्ज लिहीत होते. तीस तारखेला तेवीस अर्ज झाले.

चोविसावा मात्र येईना. घर उरलं होतं एक नंबरचं, आणि ते कोणाला नको होतं. "पुष्पाबाईनं जिथं दूध उतू घातलं तिथं आपून चूल पेटवाची? पाप लागते बाप्पा!"

एकतीस तारखेला संध्याकाळी पाचच्या सुमारास निमकर साहेबांची जीप आली. ओट्यावर पुष्पाबाईंनी कुरडया वाळत घातल्या होत्या. साहेब एक पाय उचलून तसेच थांबले.

"हे काय?"

"कुरडया, साहेब," इंद्रभानजी म्हणाले.

"ते दिसतंय. मंडळाच्या घरात कशा?"

इंद्रभानजींनी सारं सांगितलं. पहिल्यांदाच कचेरीच्या कामाचं घरच्या आवाजात सांगितलं. साहेबांनी तेवीस अर्ज मोजले, दोनदा मोजले, आणि नाकातून लांब श्वास सोडला.

"भोपळे, काम उत्तम आहे. पण नियम म्हणजे नियम. नोकराला किंवा त्याच्या कुटुंबाला अर्ज करता येत नाही. तुम्ही घर सोडा."

"सोडलं तरी हे घर कोनी घेत नाई, साहेब. अर्ज तेवीसच राह्यतीन."

"मग जागा रद्द."

"आन् आमी अर्ज केला तं?"

"नोकर असताना करता येणार नाही. आधी राजीनामा द्यावा लागेल."

अंगणात जमलेली सारी माणसं ओट्याजवळ सरकली. पुष्पाबाईंनी हातावरचं पीठ झटकलं.

"म्हंजे नोकरी दोन्हीकून गेली?"

"हो, तसंच म्हणावं लागेल," साहेब म्हणाले.

"मंग घर तरी एकीकून येते नं! आना तो कागद."

इंद्रभानजींनी बायकोकडे पाहिलं. 'कायम' हा शब्द तिनं तीनदा म्हणून पाहिला होता, आणि आता तीच तो सोडायला सांगत होती. त्यांनी टाक उचलला. आजवर त्यांच्या सगळ्या जागा सरकारनं रद्द केल्या होत्या. ही त्यांनी स्वतः केली, सुंदर अक्षरात, चार ओळीत. मग दुसरा कागद ओढून अर्ज भरायला घेतला. नाव लिहिलं, गाव लिहिलं आणि टाक थांबला.

"काय झालं?" साहेबांनी घड्याळ पाहिलं. पाच वाजून वीस मिनिटं.

"व्यवसाय विचारला आहे. आत्ताच तर सोडला."

"घरवाला लिवा," पुष्पाबाई म्हणाल्या.

"तो व्यवसाय नव्हे, बाई."

"भाईसाब बेकार लिख दो," रहेमतुल्ला म्हणाला.

"बेकाराला घर मिळत नाही!" साहेबांनी नाकातून ओरडायचा प्रयत्न केला. पाच वाजून चोवीस मिनिटं झाली होती.

सुभद्राबाई कमरेवर हात ठेवून पुढे आल्या. "काऊन वो, हे तेवीस अर्ज लिवले कोनं? यानंच ना? सारं गाव याच्याकूनच लिवून घेते. लिव, अर्जनवीस."

साहेबांनी काही हरकत घ्यायच्या आत इंद्रभानजींनी लिहून टाकलं. शिक्का बसला तेव्हा अजून दोन मिनिटं होती. जाताना साहेबांना पुष्पाबाईंनी ओल्या कुरडईचा चीक वाटीभर दिला. तो खाऊन साहेब म्हणाले, "बरं का भोपळे, आता साठ घरांना प्रसिद्धीला माणूस पाहावा लागणार," आणि जीपमध्ये बसले.

एप्रिलच्या पहिल्या बाजारात तहसिलीसमोरच्या लिंबाखाली एक टेबल आलं. टेबलावर दौत, टाक, कागद, आणि मागे इंद्रभानजी. पहिलं गिऱ्हाईक डोंगराकडचा एक म्हातारा होता. त्यानं आधी टेबल हलवून पाहिलं, मग इंद्रभानजींना न्याहाळलं.

"अर्जाचं उत्तर आलं तं वाचून कोन दाखवन? मागचा लिवनारा दोन महिन्यात पळून गेला. तुमी किती दिवस हा इथं?"

इंद्रभानजींनी हनुवटी वर उचलली. आवाज वडनेर भोलजीचाच निघाला.

"बसा बुवा, घाबरू नोका. मी कायम हाय."