गजाभाऊ अजून लॉगिन आहेत

आता हे सांगू की नको? सांगतो, पण चहा संपेपर्यंत कुणी हसायचं नाही! वेंगुर्ल्याच्या जेटीवर माझा हा पराक्रम लोक अजून चघळतात.

मी तिथल्या एका मच्छीमार सोसायटीत कॉम्प्युटरवाला. डिझेलची टोकनं माझ्या सर्व्हरवरून निघतात. टोकन नाही तर डिझेल नाही, डिझेल नाही तर ट्रॉलर जेटीलाच. आणि दिवस कुठला? मासेमारीची बंदी उठल्यावरचा पहिला! खलाशी बर्फ भरून ताटकळलेले, बर्फ वितळतोय, आणि सर्व्हर धापा टाकतोय.

भर दुपार. सगळे जेवायला गेलेले, ऑफिसात मी एकटा. डेटाबेसला कोण कोण जोडलंय आणि कोण किती मेमरी खातंय, ते सर्व्हरच्या पडद्यावर उघडलं. बाकीचे चिमूटभर खात होते. एकच जण खात सुटला होता. नाव? गजाभाऊ!

अहो, गजाभाऊ गेल्या वर्षी वारले! माझ्या आधी ते याच खुर्चीवर बसायचे. याच!

कुठून जोडलेत ते बघितलं. याच खोलीतून. पाठीवरून काहीतरी थंड सरकलं. घामच असणार, दुसरं काय?

हिय्या करून ते कनेक्शन तोडलं. मेमरी मोकळी झाली. हुश्श म्हणतोय तोवर गजाभाऊ परत हजर! परत वाढायला लागले. मेमरीवर पहारा ठेवायला शेजारच्या माझ्या लॅपटॉपवर एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, होती, मिनिटामिनिटाला तपासणारी. ती मी सेकंदासेकंदाला लावली. तर ते आणखी जोरात वाढले! मी जितकं बघतोय, तितके ते फुगतायत. आईशप्पथ, मी किंचाळलोच!

माझी किंकाळी ऐकून चेअरमन अण्णा भरल्या ताटावरून धावत आले.

"काय झाला रे?"

"अण्णा... गजाभाऊ!"

अण्णांनी पडदा बघितला आणि उष्टा हात तसाच कपाळाला लावला. "अरे देवा! गजाचो जीव टोकनात अडाकलो रे! पयल्या दिवसाक तो कधी रजेर जाय नाय."

मागून खलाशी घुसले. "अण्णा, गाऱ्हाणा घाला! आधी देवाक सांगा!"

नारळ आला. "तुझो तो लॅपटॉप बंद कर आणि उचल थयसून," अण्णा म्हणाले. "नारळ खंय ठेवू, तुझ्या डोक्यार?"

मी लॅपटॉप बंद केला. आणि सर्व्हरच्या पडद्यावरून गजाभाऊ गायब! मेमरी मोकळी, टोकनाचा प्रिंटर खडखडायला लागला. "गेलो! गजा गेलो!" एकच गिल्ला. एका बोटीचा म्हातारा तांडेल तर रडायलाच लागला, "सुखान जा रे गजा." माझ्याही डोळ्यांत पाणी आलं हो!

आणि मी शहाणा, खात्री करायला लॅपटॉप परत चालू केला.

"इलो! गजा इलो!" अर्धे खलाशी दाराबाहेर, प्रिंटर ठप्प.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. नोकरीला लागलो तेव्हा मला गजाभाऊंचंच लॉगिन दिलं होतं. ते मी त्या पहाऱ्याच्या स्क्रिप्टमध्ये घातलं आणि विसरलो! लॅपटॉप सुरू झाला की ती आपोआप सर्व्हरला जोडली जायची, तोडली तरी परत जोडली जायची. आणि एकेक कनेक्शन डेटाबेसमधले जेवढे तक्ते चाळतं, तेवढ्यांची माहिती पोटात धरून बसतं, बंद होईपर्यंत सोडत नाही. माझी स्क्रिप्ट दिवसभर एकाच कनेक्शनवरून सगळा डेटाबेस चाळत होती. म्हणजे मेमरी कोण खातंय हे बघणाराच मेमरी खात होता!

मी गुपचूप स्क्रिप्ट बंद केली. प्रिंटर सुरू झाला. अण्णा नारळावर हात ठेवून डोळे मिटून उभे होते. त्यांच्या कानात सगळं सांगितलं, म्हटलं, आता गाऱ्हाणं राहू दे.

पण सुरू केलेलं गाऱ्हाणं अर्धवट कोण सोडतो? अण्णांनी एक डोळा उघडून मला खालपासून वरपर्यंत बघितलं, परत मिटला आणि खणखणीत आवाज लावला.

"रे बा देवा म्हाराजाऽऽ! आमचो गजा वरती सुखात आसा..."

"होय म्हाराजा!" खलाशी गरजले.

"हय खाली जो बसलो आसा, पगार घेता आणि आपणाकच भियाता..."

"होय म्हाराजा!"

"तेका वायच अक्कल दी रे म्हाराजाऽऽ!"

आणि सवयीने, हात जोडून, डोळे मिटून, सगळ्यात मोठ्याने मीच ओरडलो, "होय म्हाराजा!"