आंबोळी आणि फोकस

आमच्या गाण्याच्या मंडळात मी चार वर्षं पडद्यामागून गायले. पडदा म्हणजे सासूबाईंचं जुनं नऊवारी लुगडं, दोन बांबूंना बांधलेलं. पुढे मास्तर पेटी घेऊन बसत, त्यांच्या उजव्या हाताला तबल्यावर माझा धाकटा दीर, आणि मागे लुगड्याआड मी, खडीसाखरेची पुडी मांडीवर घेऊन. नरपडपासून झाईपर्यंत किनाऱ्याच्या गावांतून आम्हाला बोलावणी येत. गणपतीत, जत्रेत, लग्नाला, कधी कुणाच्या वास्तुशांतीलाही. ही साठ सालच्या आगेमागेची गोष्ट.

सगळ्यांना वाटे, सून आहे, लाजते, सासरची मर्यादा पाळते. माझ्या मर्यादेचं गावात कौतुक होई आणि ते मी मुकाट्याने पदरात पाडून घेई. खरी गोष्ट वेगळी होती. सातव्या वर्षी मला देवी आल्या होत्या आणि जाताना चेहऱ्याची चाळण करून गेल्या होत्या. नवऱ्याने मला दिवसाढवळ्या बघून पसंत केलं होतं, त्यामुळे त्याच्याबद्दल माझी तक्रार नव्हती. वाडीत, विहिरीवर, डहाणूच्या बाजारात मी उघड्या तोंडाने फिरत होते. पण शंभर माणसं समोर बसवायची, तोंडावर बत्ती धरायची आणि म्हणायचं, बघा आता, हे माझ्याच्याने होणार नव्हतं. बाजारात माणूस भाजी बघतो. गाण्याला बसलेला माणूस दोन तास गाणाऱ्याचं तोंड बघतो.

पडदा गेला तो झाईला. तिथे दोन म्हाताऱ्यांत पैज लागली. एक म्हणे मागे बाई गाते आहे. दुसरा म्हणे बाई कसली, तबकडी लावली आहे, मास्तर पेटीवर नुसती बोटं फिरवतात. गाणं संपायच्या आत दुसरा म्हातारा उठला, मागे आला आणि त्याने लुगडं वर केलं. माझ्या तोंडात खडीसाखर होती. त्याने मला नीट निरखून घेतलं, पैज हरल्याची खात्री करून घेतली आणि बाहेर जाऊन अर्ध्या मराठीत, अर्ध्या गुजरातीत सगळ्यांना सांगितलं की बाई खरी आहे. लोक पोट धरून हसले. मी रागीट आहे, तेव्हा तर फारच होते. खडीसाखरेची पुडी मी त्याच्या पाठीवर फेकून मारली.

दुसऱ्या दिवशी मास्तर घरी आले. शाळामास्तर, पन्नाशीच्या पुढचे, हळू आवाजात बोलणारे. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "सूनबाई, पडदा आता पुरे. गाणारं माणूस लोकांना दिसलं पाहिजे. तुला समोर बसायचं नसेल तर मी गळ घालणार नाही. पण मग मला दुसरा गळा शोधावा लागेल."

मी दोन दिवस घरात भांडी आपटली. गाणं सुटलं असतं तर चिकूची वाडी, भाताची खाचरं आणि दोन म्हशी एवढं उरलं असतं. त्यात वाईट काही नाही, आजही मी ते आनंदाने करते. पण त्या कामात माझ्या जागी दुसरी कुणीही चालली असती. गाण्यात चालली नसती, असं मला वाटे, आणि ते वाटणं मला फार प्रिय होतं. तिसऱ्या दिवशी मी मास्तरांना निरोप पाठवला की समोर बसेन, पण दिवे मी निवडीन.

तोवर आमचं एका गॅसबत्तीवर भागत होतं. आता वापीकडून एका दिवेवाल्याला बोलावलं. तो गाडीने डहाणूरोडला उतरला आणि बैलगाडीत सामान घालून आमच्या चिकूच्या पडवीत आला. दिवे भर दुपारीच बघायचे होते, म्हणून पडवीचे दरवाजे लावून घेतले, फटींवर गोणपाटं टांगली. आत पिकायला घातलेल्या चिकूचा गोड वास आणि बाहेर त्याचं ठणठणणारं इंजिन, ज्याच्यावर विजेचे दिवे चालायचे. मास्तर गाणाऱ्याच्या जागी स्टुलावर बसले. बाकीचे बघायला. मी एका कोपऱ्यात, फळ्यांच्या ढिगाला टेकून, डबा घेऊन उभी.

डब्यात सकाळच्या दोन आंबोळ्या होत्या. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण आदल्या रात्रभर विचार करून मी एवढंच शोधून काढलं होतं. मास्तरांचा चेहरा गुळगुळीत. त्यांच्यावर दिवा बघून मला काय कळणार? स्वतः स्टुलावर बसले तर मला माझं तोंड दिसणार नाही, आणि आरसा मागितला तर सगळ्यांना कळणार. आंबोळीला मात्र माझ्याइतकीच भोकं असतात. मी एक आंबोळी डब्याच्या झाकणावर पसरली आणि मास्तरांवरचा उजेड तिच्यावरही पडेल, पण कुणाच्या नजरेत येणार नाही, अशी धरली.

दिवेवाल्याने आधी जमिनीवर दिव्यांची रांग मांडली, पत्र्याच्या आडोशातली, खालून वर उजेड टाकणारी. आंबोळीचं भोक न भोक विहिरीएवढं झालं. मग दोन बाजूंना दोन मोठ्या गॅसबत्त्या. तेच, आणि वर त्यांचा फुसफुसाट इतका की त्यात षड्ज लावायचा म्हणजे सापाबरोबर गायचं. मग त्याने त्याचा लाडका दिवा काढला. त्याच्यापुढे एक चाक होतं, चाकात लाल, निळे, हिरवे कागद, आणि हाताने फिरवलं की रंग बदलत. माझा दीर हरखून गेला. दिवेवाला म्हणाला की मुंबईत याच्याशिवाय आता कुणी उभंच राहत नाही. हिरव्या रंगात मास्तर डबक्यातून काढल्यासारखे दिसले. मी म्हटलं, लोक गाणं ऐकायला येतात की रंगपंचमी खेळायला? दीर रुसला.

शेवटी एक साधा फोकस निघाला. मोठा दिवा, भोवती पत्र्याचा गोल डबा, पुढे काच. दिवेवाल्याने तो मास्तरांच्या अगदी समोर, डोक्याच्या उंचीला बांधला. मी आंबोळी धरली. भोकं पुसट झाली. मी त्याला पिवळा कागद लावायला सांगितला. त्याने लावला, आणि माझ्या झाकणावर आंबोळी नव्हतीच, पुरणपोळी होती. मला मोठ्याने हसू आलं. मास्तरांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि मी झाकण पाठीमागे नेलं.

"हाच," मी म्हटलं. "समोरून, आणि पिवळ्या कागदाचा."

दिराने वाद घातला, दिवेवाला म्हणाला, बेन, हा तर अगदी साधा. मास्तर फक्त म्हणाले की गाणारणीने निवडलाय, तोच.

पहिला कार्यक्रम नरपडला झाला. मी समोर बसले. फोकस लागला आणि माझ्यासमोर पिवळं धुकं उभं राहिलं. धुक्यापलीकडे कोण आहे, किती आहेत, काही दिसेना. मला फार बरं वाटलं. मी त्या दिव्यालाच गाणी म्हणून दाखवली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायका नंतर येऊन म्हणाल्या, किती छान दिसत होतीस गं. परतताना बैलगाडीत मास्तरांनी विचारलं की तू कुणाकडे बघून गात होतीस. मी म्हटलं, दिव्याकडे. असे आमचे आठ-दहा कार्यक्रम झाले. त्या हिवाळ्यात मी खरंच सुखात होते, खोटं कशाला बोलू.

मग तलासरीकडच्या एका पाड्याचं बोलावणं आलं. मास्तरांनी तरुणपणी तिथे काही वर्षं शाळा चालवली होती, आता शाळेवर कौलं चढली होती म्हणून त्यांना आणि मंडळाला बोलावलं. आम्ही आशागड मागे टाकून निघालो ते दिवस कलायला पाड्यावर पोचलो. इंजिन शाळेमागे ठेवलं, लांब वायर ओढली. आमची जागा खळ्याच्या बरोबर मधोमध केली होती, पेंढा पसरून. दिवेवाल्याच्या माणसाने नेहमीसारखा फोकस समोर, बांबूवर बांधला.

लोक आले आणि आमच्या भोवती बसले. समोर, बाजूला, पाठीमागेही. मास्तरांना ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं. तिथे तारपा, म्हणजे भोपळ्याचा लांब पावा, वाजतो तेव्हा वाजवणारा मध्ये असतो आणि बाकीचे त्याच्याभोवती फेर धरतात. त्याच्याकडे कुणी पाठ करत नाही. आम्ही वाजवणारे, म्हणून आम्ही मध्ये. यात त्यांना विचारण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

दिवा लागला, मी पहिलं गाणं म्हटलं, समोरच्या पिवळ्या धुक्याला. गाणं संपल्यावर पाणी प्यायला मागे वळले आणि माझा घोट तसाच राहिला. पाठीमागची तीस-चाळीस माणसं, बहुतेक बाया, हाताचा पंजा डोळ्यांवर धरून बसली होती. फोकस सरळ त्यांच्या डोळ्यांत जात होता. कुणी उठून गेलं नव्हतं, कुणी तक्रार केली नव्हती. नुसत्या वळून बसल्या असत्या तर त्रास वाचला असता, पण वाजवणाऱ्याकडे पाठ करायची नसते. म्हणून डोळे झाकून, तोंडं आमच्याकडे करून, त्यांनी अख्खं गाणं ऐकलं होतं. मी लुगड्याआडून बाहेर आले होते आणि लुगडं त्यांच्या तोंडावर टाकलं होतं. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती, त्या झाईच्या म्हाताऱ्यासमोरही नाही.

पाड्याचा कारभारी मास्तरांशी बोलत होता. दिवा मधोमध, उंच बांबूवर लावला आणि त्याचा पत्र्याचा डबा काढला तर चहूकडे उजेड पडेल, असं त्याचं म्हणणं. दिवेवाल्याचा माणूस म्हणत होता, डबा काढला तर फोकस कसला? डब्याबरोबर पिवळा कागदही जाणार होता. उघडा दिवा माझ्या डोक्यावर, वरून, तिरका. त्यात आंबोळी कशी दिसेल हे मला सांगायला आंबोळी लागत नव्हती.

मास्तर माझ्याकडे वळले. ते थांबले. दीरही तबल्यावर हात ठेवून थांबला. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी फोकस तिथेच ठेवला असता, हे मला माहीत आहे. हातोडी घेऊन उभ्या असलेल्या त्या दिवेवाल्याच्या माणसावरच मी खेकसले.

"डबा काढा," मी म्हटलं. "आणि लवकर काढा. माणसं बसली आहेत."

दिवा वर चढला. पांढरा, उघडा उजेड पडला आणि मी मान खाली घातली. मग पेटीचा सूर आला, तेव्हा वर बघावंच लागलं. आणि मला लोक दिसले. इतके दिवस गात होते, पण ऐकणारी तोंडं मी पहिल्यांदा बघत होते. लुगड्यामागून ती दिसत नव्हती आणि फोकसमुळेही नाही. आता पोरं, म्हातारे, दातांत काडी धरून बसलेला एक जवान, मांडीवर मूल घेतलेल्या बाया, सगळे दिसत होते, आणि त्यांतल्या कितीतरी तोंडांवर माझ्यासारखीच भोकं होती. मी वळून वळून गायले, थोडं इकडे, थोडं तिकडे, कारण समोर असं काही उरलंच नव्हतं.

माझ्या हाताच्या अंतरावर एक म्हातारी बसली होती. गाणं संपलं तसं तिने पुढे वाकून माझ्या गालाला बोट लावलं.

"तुला पन देवी आलती?"

मी हो म्हटलं.

"मना पन आलती," ती म्हणाली, एखादीने माहेरचं गाव सांगावं तशी. मग तंबाखूची चिमूट गालात धरून तिने सांगितलं की ते पहिलं गाणं परत म्हण, तेव्हा उजेडाने काही बघता आलं नाही. मी परत म्हटलं. तसं ते गाणं मी नंतर कितीदा म्हटलं, पण तिथल्याइतकं चांगलं क्वचितच झालं असेल.

त्यानंतर आम्ही फोकस घेतला तो डब्याशिवाय. किनाऱ्याच्या गावांत तो समोर नको, वर आणि थोडा बाजूला हवा, म्हणजे मला लोक दिसतील, असं मी सांगू लागले. कुणी म्हणालं की त्याने तुझं तोंड चांगलं दिसत नाही. मी म्हणे, त्यांचं दिसतं ना. पिवळा कागद लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधला, तो बरीच वर्षं टिकला.

पुढच्या वर्षी दिवेवाला नवे दिवे घेऊन आला. पुन्हा चिकूची पडवी, पुन्हा दरवाजे लावले, गोणपाटं टांगली. मास्तर स्टुलावर बसले. मी या वेळी कोपऱ्यात नव्हते, दिव्याशेजारी उभी होते, हात रिकामे. दिवेवाला इंजिन सुरू करायला बाहेर गेला. अंधारात मास्तरांचा आवाज आला, नेहमीसारखा हळू.

"सूनबाई, आंबोळी नाही आणलीस?"

एक वर्ष तो माणूस ते पोटात ठेवून होता. मला वाटत होतं, कुणालाच कळलं नाही. क्षणभर माझा जुना राग तोंडाशी आला, आणि मग हसूच आलं.

"नाही मास्तर," मी म्हटलं. "आज सकाळीच खाऊन टाकली."