बिनकुलपाच्या शहराचं शेवटचं पान

सहा आठवड्यांपूर्वी, एका मंगळवारी अप्पा ऑफिसातून दुपारीच घरी आले. चपला काढून ते नेहमीसारखे आत आले नाहीत, दारातच उभे राहिले. आईनं विचारलं, "काय झालं?" अप्पा म्हणाले, "नाना गेले. झोपेतच. सकाळी मॅन्शनचा माणूस ऑफिसात सांगायला आला." मी भिंतीकडे तोंड करून पुस्तक वाचत होते. मी ते तसंच धरून बसले. कुणासमोर रडणं मला कधी जमलं नाही.

नाना म्हणजे अप्पांच्या रेल्वे ऑफिसातले ड्राफ्ट्समन. बायको क्षयानं गेल्यावर सातारा सोडून ते मद्रासला बदलून आले आणि तिरुवल्लिकेणीतल्या एका मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांच्या भाड्याच्या खोल्यांच्या इमारतीत, राहिले. दर रविवारी जेवायला आमच्याकडे मैलापूरला. आम्ही तंजावरकडचे. आमची मराठी ऐकून ते म्हणत, "तुमची भाषा म्हणजे आजीच्या पेटीतलं लुगडं. कापराचा वास येतो, पण जरीकाठ अजून शाबूत आहे." अप्पा तमिळ ढंगात म्हणत, "सरी, सरी, बरं. तुमची तरी धुवट आहे." मी हसत असे, पण बोलत नसे. मला मराठी बोलता येई, पण कॉन्व्हेंटात शिकल्यामुळे देवनागरी मात्र अडखळत वाचावी लागे.

तरीही आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकाची प्रॉम्प्टर मीच. कारण सोपं होतं. पडद्याआड बसायचं, कुणाला दिसायचं नाही. नटांपैकी निम्मी मुलं माझ्यासारखीच देवनागरीत अडखळणारी. म्हणून नानांनी देवनागरीत लिहिलेलं नाटक मी रोमन अक्षरांत वहीत उतरवून काढी आणि सगळे त्यावरून पाठ करत. तालमीत काही बदललं की नवा मजकूर वेगळ्या कागदावर लिहून भाताच्या खळीनं जुन्यावर चिकटवायचा, ही आमची पद्धत.

चार वर्षांपूर्वी नानांनी शेवटचं नाटक लिहिलं ते शंभर वर्षांनंतरच्या मद्रासचं. त्या शहरात समुद्राचं पाणी गोड करून घरोघर येतं, औषधं सगळ्यांना मिळतात, क्षय हा शब्द मुलांना शब्दकोशात शोधावा लागतो, आणि दारांना कुलपं नाहीत. नायिका मालती. तिसऱ्या अंकाच्या शेवटी ती खिडकीपाशी खुर्चीत डोळे मिटून बसलेली असते, नवरा कामावरून येतो, ती उठून म्हणते, "आलात? बसा, पानं घेते." आणि पडदा.

तालमी शाळेच्या हॉलमध्ये चालत. दिग्दर्शक रामचंद्रराव, आमच्याच तंजावरकडचे, आठवडाभर नुसते बघत राहिले. मग एकदा खुर्ची उलटी करून बसले. "नाना, तुमच्या गावात कुणी भांडत नाही, मरत नाही, उशिरासुद्धा येत नाही. माझ्या नटांनी करायचं काय? लग्नाला आल्यासारखे उभे आहेत सगळे."

"जेवण तरी द्या म्हणावं," नवऱ्याचं काम करणारा गोपाळ म्हणाला.

सगळे हसले. नानाही हसले, पण म्हणाले, "दुःखाशिवाय नाटक उभं राहत नसेल तर तो नाटकाचा दोष, राव. शहराचा नाही."

"लोक दोष बघत नाहीत, घड्याळ बघतात. मालतीला मारा. त्या एवढ्या सुखाच्या गावातही औषध पोचलं नाही असं दाखवा. मग बघा."

नाना चार दिवस आले नाहीत. मी अप्पांना विचारलं तेव्हा ते हळूच म्हणाले, "त्यांच्या बायकोचं नाव मालती होतं." पाचव्या दिवशी नाना एक कागद घेऊन आले. त्यात मालती त्याच खुर्चीत, शेवटचं एक वाक्य बोलून, मरत होती. कागद माझ्या हातात देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी तो रोमनमध्ये उतरवला आणि जुन्या शेवटावर खळीनं चिकटवला. काहीतरी बोलायला हवं होतं... बोलले नाही.

प्रयोगाच्या दिवशी हवा इतकी दमट होती की पावडर चेहऱ्यावर टिकेना. तिसऱ्या अंकात मालती झालेली कमला डोळे मिटून खुर्चीत बसली आणि शेवटचं वाक्य विसरली. तिनं एक डोळा उघडून विंगेत पाहिलं. मी पान उलटलं आणि समोर जे होतं ते घाईनं पुटपुटले, "आलात? बसा, पानं घेते." कमलाला हे जुनं वाक्य चांगलं पाठ होतं. ती उठून उभी राहिली आणि इतक्या मोकळेपणानं ते बोलली की गोपाळ, जो आठवडाभर रडण्याची तालीम करत होता, निमूटपणे पाटावर बसला. पडदा पडला. बाहेरून कुणीतरी विचारलं, "संपलं का?"

चिकटवलेला कागद वहीत नव्हता, स्टुलाखालीही नव्हता.

रामचंद्रराव आत आले. "हे कुणी सांगितलं?" मी वहीची पानं उलटत राहिले. नाना माझ्या स्टुलामागून पुढे आले. "मी. ऐन वेळी मीच पद्माला सांगितलं."

"मग पुढच्या वर्षीचं नाटक दुसरं कुणी लिहील, नाना."

"बरं," नाना म्हणाले.

आणि खरंच, त्यानंतर त्यांनी नाटक लिहिलं नाही. त्या संध्याकाळी बसस्टॉपवर ते मला एवढंच म्हणाले, "बरं केलंस." मला वाटलं, मी त्यांचं मन ओळखून मुद्दाम जुना शेवट वाचला, अशी त्यांची समजूत झाली आहे. आपलं मन कुणालातरी कळलं, या आनंदात त्यांनी आपलं लिहिणं सोडून दिलं, आणि तो आनंद खोटा होता. चार वर्षं मी ते ओझं वागवलं. शेवटच्या रविवारी धीर करून सुरुवात केली, "नाना, त्या प्रयोगाच्या दिवशी खरं म्हणजे..." त्यांनी वाटी पुढे केली. "पद्मा, आमटी वाढ. आज छान झालीय."

मागच्या आठवड्यात अप्पांबरोबर त्यांची खोली आवरायला गेले. एक खाट, ड्रॉइंगची टी-स्क्वेअर पट्टी, दोन पितळी ताटं. दुसरं ताट कधी वापरलेलं दिसत नव्हतं, पण घासलेलं होतं. टेबलावर त्यांच्या नाटकाची देवनागरी वही. शेवटच्या पानात घडी घातलेला एक कागद होता. माझं अक्षर, रोमन. मालतीचं मरण. मागच्या बाजूला वाळलेलं भाताचं शीत अजून चिकटलेलं, आणि एका कोपऱ्यावर चपलेचा पुसट ठसा.

म्हणजे कागद माझ्या स्टुलाखाली गळून पडला होता, आणि राव आत येण्याआधीच तो नानांच्या हाती लागला होता. चूक झाली हे त्यांना पहिल्या क्षणापासून माहीत होतं.

रामचंद्रराव म्हणायचे, सुखाच्या गावात नाटकाला जागा नाही. पण तिथेही दमट हवा असेल, कागद निसटतील, एखादी मुलगी भलतंच वाक्य वाचेल, आणि कुणीतरी पुढे येऊन "मी सांगितलं" म्हणेल. हे नानांना लिहिता आलं असतं. मी बोलले असते तर कदाचित लिहिलंही असतं...

ती वही आता माझ्याकडे आहे. कागद मी आहे तिथेच ठेवला आहे, सुटा. पान उघडलं की तो बाजूला सरकतो आणि खाली नानांच्या अक्षरात मालतीचं वाक्य दिसतं. आता मला ते न अडखळता वाचता येतं.