शिवेपलीकडून आलेला नारळ

१९९६ च्या डिसेंबरातला दुसरा सोमवार, सकाळी साडेदहा, आमची ग्रामपंचायत कचेरी. हजर: सरपंच तात्या, सगळ्यांत जुने सदस्य अण्णा, ग्रामसेवक, आणि मी, राखीव जागेवरून निवडून आलेली सदस्य. पाहुणे: तिसऱ्या गावचे सरपंच, ज्यांना सगळे आबा म्हणत, आणि त्यांचा एक सदस्य. ग्रामसेवकांनी इतिवृत्ताची वही मुद्दाम कपाटात ठेवली होती. ओढ्यापलीकडच्या गावाशी समेटाचं बोलणं फिसकटलं तर असं काही झालंच नव्हतं, असं म्हणता यावं म्हणून. मी माझ्या वहीत लिहीत होते. कुणी विचारलं तर सांगणार होते की बाजाराची यादी करतेय.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, सणसरच्या बाजूला. ओढ्यापलीकडचं गाव बारामती तालुक्यात. आमच्या जत्रेत त्यांची देवाची काठी शिवेवर आली की पहिला नारळ तिच्यापुढं फोडायचा, हा त्यांचा पिढीजात मान. दोन वर्षांपूर्वी त्यांची काठी यायला उशीर झाला. आमच्या लोकांनी तासभर वाट पाहिली आणि तो नारळ आबांच्या गावच्या काठीपुढं फोडला. ओढ्यापलीकडचे शिवेवरूनच माघारी फिरले. तेव्हापासून लग्न नाही, मयत नाही, लेकी-सुनांचं येणं-जाणं नाही.

माझी लेक त्याच गावात दिलेली. पहिलीच खेप, सातवा महिना सरत आलेला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं; पण तिचे सासरे तिथल्या पंचायतीत सदस्य. गावाचा शब्द मोडून ते सुनेला धाडणार नव्हते, आणि मी न बोलावता तिथं जाणार नव्हते.

समेटाचा नारळ-विडा जो आधी धाडेल तो नमला, असं दोन्ही गावांत धरलं जायचं. म्हणून तात्यांनी आबांच्या पंचायतीला मध्ये घातलं. आबांनी दोन्हीकडं चाचपणी करायची. पलीकडचे तयार असतील तर त्यांचा नारळ आबांच्या हातून इकडं, आमचा तसाच तिकडं. कुणी धाडला नाही. आबांनी आणला, एवढंच.

तर सोमवारी आबांनी लाल फडक्यात बांधलेला नारळ टेबलावर ठेवला.

"त्यांची ना न्हाय," ते म्हणाले. "आता तुमी बघा."

"अटी काय त्यांच्या?" तात्यांनी विचारलं.

"आटी कसल्या? नारळ ठेवून घ्या, मग बोलू."

चहा झाला, आबा गेले. ते फाटकाबाहेर पडताच अण्णांनी गाठ सोडली, नारळ कानाशी धरला आणि हलवला. पुन्हा हलवला.

"वाजत न्हाय. पाणीच न्हाय ह्यात!"

"बघू," म्हणत तात्यांनी हलवून पाहिला. "कोरडा धाडलाय गड्यांनी."

"म्हंजे आमच्यात पाणी न्हाय, असं म्हनायचंय त्यास्नी. आत्ताच्या आत्ता माघारी धाडा."

मी म्हणाले, "अण्णा, जरा दमानं घ्या."

"ताई, तुमाला लेक पायजे, आमाला गावाची इज्जत पायजे."

"दोन्ही मिळतंय का बघूया की. द्या इकडं."

मी बघताना पुढच्या गोष्टी लिहून घेतल्या. नारळाला खालून केसाएवढा तडा. फडक्याला तिथंच डाग, वाळून कडक झालेला. विड्याची पानं हातात घेताच चुरा झाली. म्हणजे बांधताना नारळात पाणी होतं. आणि तो काल-परवा बांधलेला नव्हता.

"मग हुता कुठं इतके दिस?" तात्या म्हणाले.

अण्णांनी बोटं मोडली. "दोन वरसं मान कोन घेतंय आमच्या जत्रंत? भांडान मिटलं तर कुनाचा नारळ जातोय?"

अण्णांचा संशय तेवढ्यात ओढ्यापलीकडून उठून आबांच्या दारात जाऊन बसला होता. खरं सांगायचं तर माझाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि तात्या आबांकडं गेलो. आबांनी शांतपणे सांगितलं, "मासिक सभा व्हायची हुती. ठरावाबिगर दुसऱ्या गावचा नारळ मी कसा हलवू? कपाटात कुलपात ठेवला. आवक वहीत नोंद हाय."

"बघू का ती?"

"क्लार्क बारामतीला गेलाय. चावी त्याच्याकडं."

आमचा नारळ मी सणसरच्या बाजारातून आणला, सहा नारळ कानाशी हलवून. ताजी पानं, सुपारी, नवं फडकं. गुरुवारी आबांची जीप निघाली तेव्हा मीही मागं चढून बसले.

"ताई, इस्वास न्हाय व्हय आमच्यावर?"

"इस्वास हाय, आबा. जीपमधी जागा बी हाय."

वाटेत आबांचा सदस्य बोलता बोलता म्हणाला, त्यांची सभा नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारीच झाली. आबा रस्त्याकडंच बघत राहिले. मी मनात दिवस मोजले. सभेनंतरही नऊ दिवस नारळ कपाटात होता.

पलीकडच्या सरपंचांनी आमचा नारळ घेतला आणि आमच्यासमोरच कानाशी धरून हलवला. पाणी खळखळलं. त्यांच्या कचेरीतली सगळी माणसं एकदम सैल झाली.

"आमचा मिळाला न्हवं? बुधवारी दिलेला," ते म्हणाले.

"मिळाला," मी म्हणाले. "कुठला बुधवार?"

"गेल्याच्या गेल्या बुधवारी, दोन आठवडं झालं." मग त्यांनी आबांकडं पाहिलं. आबा चष्मा पुसत होते.

मानाचं बोलणं त्या दिवशी निघालंच नाही. एवढंच ठरलं की लेकी-सुना येतील-जातील, बाकीचं चैत्रातल्या जत्रेच्या आत बघू. माझे व्याही दारात उभे राहून म्हणाले, "न्या सुनेला. आमचं काय भांडान न्हाय तुमच्याशी, गावाचं हाय."

लेक त्याच जीपमधून घरी आली. आठवा लागला होता आणि ओढ्यापर्यंतचा रस्ता सगळा दगडांचा. मी तिला मांडीवर टेकवून घेतलं होतं. ती म्हणाली, "आई, नारळ गेल्याचं मामंजींनी त्याच दिशी सांगितलं हुतं. मी रोज पिशवी भरून बसायची."

ते नऊ दिवसही तिनं असेच काढले. तडा प्रवासात गेला की कुणी पाडला, सभेनंतर नारळ विसरला गेला की विसरवला, हे आबांच्या आवक नोंदवहीतली तारीख आणि शेरा बघितल्याशिवाय मी ठरवणार नव्हते. मी तीन वेळा गेले. एकदा क्लार्क पंचायत समितीत, एकदा वही तपासणीला गेलेली, एकदा कचेरीलाच कुलूप. नंतर मुदत संपली, सदस्यपद गेलं, आणि माझ्या वहीतलं "आवक नोंद पाहणे" हे काम बरोबरच्या खुणेवाचून राहिलं आहे.