चारी चाकांचा जोर

मोटारीच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळाला तर माणसाचे निम्मे प्रश्न सुटतील, अशी ठाम श्रद्धा असलेला माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच होता, आणि तो माझ्याच वाट्याला साडू म्हणून आला. वडीगोद्रीला महामार्गाच्या कडेला त्यांचं पाइपांचं आणि पाण्याच्या पंपांचं दुकान होतं. गिऱ्हाईक पाइप मागायला आलं, की आधी त्याला युरोपातल्या बर्फात शिरावं लागे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला औरंगाबादच्या एका रद्दीवाल्याकडे साडूंना परदेशी मोटारींच्या मासिकांचा गठ्ठा सापडला. तेव्हापासून ते देहाने वडीगोद्रीत आणि मनाने स्वीडनच्या जंगलात राहत. तोवर चारही चाकं ओढणारी गाडी म्हणजे जीप, अशीच जगाची समजूत होती. मग एका जर्मन कंपनीनं ती करामत रॅलीच्या, म्हणजे कच्च्या रानवाटांवरच्या, शर्यतीत उतरणाऱ्या मोटारीत आणली. बाकीचे आधी हसले, पण चिखलात, बर्फात, खडीवर तीच गाडी पुढे निघून जायला लागल्यावर हसणाऱ्यांनीही गुपचूप आपापल्या गाड्यांच्या चारी चाकांना जोर जोडला. शर्यतीत उतरायचं तर तसल्याच गाड्या बाजारातही विकायच्या, असा नियम. त्यापायी पुढे जपान्यांनी चार दारांच्या, डिकीच्या, दिसायला अगदी घरगुती गाड्यांत हा सगळा राक्षस भरला. "म्हंजे बघा सर," साडू मला सांगत, मी जालन्यात शाळामास्तर, त्यामुळे ऐकून घेणं हा माझा धर्मच, "माणूस लेकराला शाळेत सोडून राह्यला, आन् गाडी रॅलीची. बराबर हे का न्हाई?" मी बराबर म्हणायचो. न म्हणणाऱ्याला दुसरं मासिक दाखवलं जाई.

त्यांची स्वतःची गाडी मात्र जुनी, पांढरी आणि फक्त मागच्या दोन चाकांवर ढकलली जाणारी होती. तिला चार चाकांची करता येत नाही, हे तीन-चार मेकॅनिकांनी हात जोडून सांगितल्यावर त्यांनी निदान रूप तरी सुधारायचं ठरवलं. जपानी गाड्यांच्या बॉनेटवर हवा घ्यायला खिडकी असते, म्हणून त्यांनी आपल्याही बॉनेटला भोक पाडून घेतलं. त्यातून हवेपेक्षा धूळ आणि पाणीच जास्त आत गेलं आणि गाडीला कायमचा दमा जडला. त्या गाड्यांच्या डिकीवर वेग वाढला तरी मागची चाकं जमिनीला दाबून धरणारा आडवा पंख असतो. तो त्यांनी नांगर दुरुस्त करणाऱ्याकडून जाड पत्र्याचा करवून घेतला. वाऱ्याचा दाब येईल इतका वेग त्या गाडीनं जन्मात कधी घेतला नाही. मात्र उन्हाळ्यात आमच्या मेव्हणीनं, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, त्या पत्र्यावर धुतलेला कपडा अंथरून कुरडया घालायला सुरुवात केली आणि त्या इतक्या खुटखुटीत वाळू लागल्या, की शेजारच्या बायकाही ताटं घेऊन येऊ लागल्या. साडू दुकानातून हे बघत आणि कष्टी होत.

रॅलीत चालवणाऱ्याच्या शेजारी एक जण पुढच्या वळणांची माहिती वाचून दाखवतो. ही जागा अर्थातच मेव्हणीकडे आली. अंबडला बाजाराला जाताना तिच्या हातात कागद असे, त्यावर साडूंनी सगळा रस्ता लिहिलेला. एकदा मी मागे बसलो होतो. "डावीकडं वळण," मेव्हणीनं वाचलं. मग कागदाची घडी करून ती शांतपणे म्हणाली, "पुढं म्हैस. तिच्यामागं आणिक एक म्हैस. मंग माझी मावसबहीण. तिथं उतरवा मला, मी बसनं येते."

दोन हजार साल उलटल्यानंतर त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगी धावडा गावाकडच्या एका शेतवस्तीवरची. साडूंच्या दुकानातून पाइप नेणाऱ्या एका ठेकेदारानं त्या सुमारास खरोखरच चारही चाकं ओढणारी चार दारांची परदेशी गाडी घेतली होती. हा ठेकेदार रस्ते करायचा आणि अशी गाडी घेण्याइतपत त्याला स्वतःच्या रस्त्यांची खात्री होती. नवरदेवासाठी साडूंनी ती ड्रायव्हरसकट मागून आणली.

आदल्या दिवशी अवकाळी पाऊस पडून गेला होता. वस्ती नजरेच्या टप्प्यात आली आणि डांबर संपलं. पुढे काळ्या मातीची वाट. ड्रायव्हरनं गाडी थांबवली. "इथून न्हाई जमायचं. ट्रॅक्टर बोलवा."

"कशाला ट्रॅक्टर?" साडू म्हणाले. "चारी चाकं ओढतेत हिची. बिलकुल भिऊ नका."

गाडी निघाली आणि खरंच निघाली. आमच्या भाड्याच्या, मागच्याच चाकांवर चालणाऱ्या दोन जीपा मागे रुतून बसल्या असताना ती एकटी चिखल कापत गेली. मी साडूंच्या शेजारी बसलो होतो. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं सुख मी मुलगा झाला तेव्हाही पाहिलं नव्हतं. मग ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर गाडीचं पोट टेकलं. चारही चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि ज्या चिखलात आम्ही बसलो तो चिखल नवरदेवाच्या खिडकीवर येऊन बसला. मांडवातला बँड ऐकू येत होता.

"अण्णा, मी चालत जातो," मुलगा म्हणाला.

मागच्या जीपमधून उतरून, शालू घोट्यावर धरत मेव्हणी आली. तिनं वाकून एकेक चाक नीट पाहिलं. मला वाटलं, आता इतक्या वर्षांचं सगळं एकदम निघणार.

"चारी फिरून राह्यली," ती म्हणाली. "तुमचं बराबरच व्हतं. जमीन उंच हे, त्याला गाडी काय करील? त्या बांधावरच्या तुराट्या आणा जल्दी."

साडू सफारी सूट घालून चिखलात आडवे झाले. जॅक लावून आम्ही गाडी उचलली आणि तुरीच्या वाळक्या काटक्यांच्या पेंढ्या त्यांनी स्वतःच्या हातानं प्रत्येक चाकाखाली सारल्या. नवरदेवानं फेटा बॉनेटवर ठेवून खांदा लावला. ड्रायव्हरला बुटाची काळजी होती; तो बांधावर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तुम्हीच घ्या आता." साडूंनी धोतराच्या सोग्याला पुसावेत तसे हात माझ्या उपरण्याला पुसले आणि ते स्टिअरिंगवर बसले. एक झटका बसला, तुराट्या कडाकडा मोडल्या आणि गाडी वर आली. मांडवापर्यंत ती त्यांनीच नेली. व्याह्यांनी मंगलाष्टकं थांबवून धरली होती. फेट्यापासून बुटापर्यंत काळा झालेला नवरदेव पाहून मुलगी हसली, आणि लग्न लागलं.

पंगती उठल्यावर साडू लिंबाच्या सावलीत माझ्याजवळ येऊन बसले. सूटवरचा चिखल वाळून त्याच्या खपल्या पडत होत्या. मी अभिनंदन केलं, तर त्यांनी बाहीवरची एक खपली नखानं उडवली.

"सर, एक सांगू का," ते म्हणाले. "ती गाडी आवाजच करत न्हाई हो. नुसती फ्रीजसारखी गुणगुणती. मी मासिकात फोटोच पाह्यले. आवाज मी माझ्या मनानंच लावल्ता."

"घरगुती करताना काढून टाकला असेल त्यांनी," मी म्हणालो.

"तसंच असल." ते समोरच्या शेताकडे बघत राहिले.

"कसा लावला होता तुम्ही?" मी विचारलं.

त्यांनी मांडवाकडे वळून पाहिलं. मेव्हणी नव्या सुनेभोवतीच्या घोळक्यात होती. मग साठीला टेकलेल्या त्या माणसानं मान थोडी खाली घातली आणि घशातल्या घशात, अगदी हळू, तो आवाज काढला. आधी बर्फावरचा, मग घाट चढतानाचा. मी आयुष्यभर त्यांची व्याख्यानं नाइलाजानं ऐकत आलो होतो. त्या दुपारी मात्र मीच त्यांना म्हणालो, घाटाचा पुन्हा एकदा काढा.